घरातल्या झाडांची पानं तपकिरी का होतात? कारण ओळखण्यापासून उपायापर्यंत

पान तपकिरी झालेलं दिसलं की हात आधी पाण्याच्या भांड्याकडे जातो. तो थांबवा. तपकिरी पानाचं कारण कमी पाणी असू शकतं, तसंच जास्त पाणीही असू शकतं. दुसरं असेल तर आत्ता घातलेलं पाणी झाडाला संपवायला पुरेसं आहे.

दोन गोष्टी सुरुवातीलाच लक्षात घ्या. तपकिरी भाग म्हणजे मेलेल्या पेशी. त्या पुन्हा हिरव्या होत नाहीत, मग खत घाला नाहीतर फवारा. त्यामुळे उपाय लागू पडला की नाही हे जुन्या पानावरून कळणार नाही, नवं पान कसं येतं त्यावरून कळेल. दुसरी गोष्ट अशी की पेशी मरतात त्यामागे बहुतेक वेळा एकच गोष्ट असते: पाणी तिथवर पोचलेलं नसतं. मातीत पाणीच नसेल, पाणी असून मुळं कुजलेली असतील, मुळं धड असून मातीतले क्षार पाणी ओढू देत नसतील, किंवा हवा इतकी कोरडी असेल की मुळं पुरवतात त्यापेक्षा जास्त पाणी पानातून उडून जात असेल. पान चारही वेळा पहिल्या नजरेत साधारण सारखंच दिसतं, उपाय मात्र चार वेगळे आहेत. ऊन, कीड आणि रोग ही कारणं त्यानंतरची.

हाताशी काय असावं

- कुंडीच्या तळापर्यंत पोचेल अशी बांबूची किंवा लाकडाची काडी
- धारदार कात्री आणि ती पुसायला ७० टक्के अल्कोहोल (सॅनिटायझरही चालतं)
- परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे) किंवा जाड रेती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), चाळलेलं गांडूळखत
- तळाला भोकं असलेली एखादी रिकामी कुंडी
- निंबोळी तेल आणि सौम्य द्रवरूप साबण
- भिंग, किंवा मोबाइलचा कॅमेरा
- जमल्यास पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) मोजणारं पेन आणि हवेतली आर्द्रता दाखवणारा मीटर

मातीतला ओलावा दाखवणारे स्वस्त मीटर विकत घेऊ नका. ते ओलावा थेट मोजत नाहीत, मातीतून वीज किती सहज वाहते यावरून अंदाज बांधतात. क्षार साचलेल्या कोरड्या मातीला ते ओली म्हणतात आणि भुसभुशीत ओल्या मिश्रणाला कोरडी. काडी जास्त खरं सांगते.

## १. तपकिरी रंग पानावर कुठे आहे ते बघा

मुळांनी ओढलेलं पाणी देठातून शिरांमध्ये जातं आणि शेंड्यावर, कडांवर सगळ्यात शेवटी पोचतं. पाटाच्या टोकाच्या वाफ्याचं जे होतं तेच इथे होतं: पाणी कमी पडलं की पहिली झळ टोकाला बसते. म्हणून जागा बघितली की निम्मं निदान होतं.

- फक्त शेंडा तपकिरी, कोरडा. बाकी पान हिरवंगार: क्षार, फ्लोराइड किंवा कोरडी हवा. पायरी ५ आणि ६.
- सगळी कड कुरकुरीत, पान आत वळलेलं, माती हलकी: पाणी कमी पडतंय. पायरी ३.
- डाग मऊ, गडद, काळपट, आजूबाजूला पिवळेपणा, सुरुवात खालच्या पानांपासून, माती ओली: मूळकूज. पायरी ४.
- पानाच्या वरच्या बाजूला, खिडकीकडे तोंड असलेल्या भागावर आधी पांढुरका आणि मग कागदासारखा पातळ डाग: ऊन. पायरी ६.
- टाचणीच्या टोकाएवढे असंख्य फिकट ठिपके, नंतर सगळं पान मळकट तांबूस: लाल कोळी. पायरी ७.
- गोल किंवा कोनदार ठिपके, भोवती पिवळं वलय: बुरशी किंवा जिवाणू. पायरी ८.

सगळ्यात खालचं, सगळ्यात जुनं एखादं पान पिवळं पडून तपकिरी झालं आणि वरची वाढ ठणठणीत असेल, तर काहीच करू नका. ते पान म्हातारं झालंय. झाड त्यातलं अन्न काढून घेतं आणि ते टाकून देतं. चारपाच पानं एकदम गेली तर मात्र पुढे वाचा.

## २. माती आणि मुळं तपासल्याशिवाय पाणी घालू नका

पान मरगळणं हे तहानेचंही लक्षण आहे आणि मूळकुजीचंही. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून चिखलात उभं असलेलं झाडही तहानेनं माना टाकतं. पीस लिली यात हमखास फसवते.

काडी कुंडीच्या कडेनं तळापर्यंत खोचा, दहा मिनिटं तशीच ठेवा आणि बाहेर काढा. कोरडी आणि स्वच्छ निघाली तर आत पाणी नाही. ओलसर असून मातीचे कण चिकटले असतील तर पाणी आहे, आणखी नको. बोट खुपसून बघायचं असेल तर किमान ५ सेंटिमीटर आत जाऊ द्या. वरचा थर नेहमीच आधी वाळतो, त्यावरून काही ठरवता येत नाही. कुंडी उचलून बघण्याची सवयही लावून घ्या. नुकतंच पाणी दिलेली कुंडी आणि वाळलेली कुंडी यांच्या वजनातला फरक हाताला फार लवकर कळायला लागतो.

माती ओली आहे आणि झाड तरीही वाईट दिसतंय, असं असेल तर झाड कुंडीतून बाहेर काढाच. खोड दोन बोटांमध्ये धरा, कुंडी आडवी करा, बाजूनं थोपटा आणि मातीसकट गोळा सरकवत काढा. निरोगी मुळं पांढरी किंवा फिकट रंगाची, टणक असतात. कुजलेली मुळं तपकिरी, लिबलिबीत असतात. चिमटीत धरून ओढलं तर वरची साल निघून येते आणि आत दोऱ्यासारखी तार उरते. वासही येतो. नुसत्या रंगावर मात्र जाऊ नका. ड्रासिनाची निरोगी मुळं नारिंगी असतात, आणि ती कुजली समजून भलीचांगली कापली जातात.

मातीपेक्षा मुळंच जास्त दिसत असतील आणि ती कुंडीच्या आकारात गोल गोल फिरली असतील, तर झाडाला कुंडी लहान पडते आहे. अशा कुंडीत पाणी टिकायला जागाच नसते. आज घातलेलं उद्या संपतं आणि कडा वाळत राहतात. व्यासानं ३ ते ५ सेंटिमीटर मोठी कुंडी घ्या, गोळ्याच्या बाहेरची मुळं हातानं थोडी मोकळी करा आणि लावा.

## ३. पाणी कमी पडत असेल तर

एक सापळा असा आहे की तुम्ही पाणी घालता, खालून ते बाहेर येतं, तुम्हाला वाटतं झाड प्यायलं, पण आतला गोळा कोरडाच असतो. कोकोपीट किंवा पीट पूर्ण वाळलं की आक्रसतं आणि पाणी धरत नाही. माती आणि कुंडीच्या भिंतीमध्ये फट पडते आणि सगळं पाणी त्या फटीतून निघून जातं.

अशी कुंडी टबमध्ये ठेवा. पाणी कुंडीच्या निम्म्या उंचीपर्यंत असू द्या. काडीनं मातीत चारसहा भोकं पाडली तर आणखी बरं. २० ते ३० मिनिटांत वरची माती ओलसर झाली की कुंडी बाहेर काढा आणि पूर्ण निथळू द्या. तासभर विसरून चालणार नाही.

पुढचं पाणी वार ठरवून देऊ नका. «दर रविवारी» हा नियम माणसाच्या सोयीचा आहे. झाड किती पाणी पितं ते प्रकाश, तापमान, कुंडीचा आकार आणि वाढीचा काळ यांवर ठरतं. मनी प्लांट, फिलोडेंड्रॉन, रबर प्लांट यांची वरची ३ ते ५ सेंटिमीटर माती वाळू द्या. स्नेक प्लांट, झेडझेड आणि जेडची पूर्ण कुंडी वाळू द्या. फर्न आणि कॅलेथियाची माती मात्र वाफशावर हवी, म्हणजे ओल आहे पण हवाही खेळते आहे अशी.

पाणी देताना भरपूर द्या. घातलेल्या पाण्याचा साधारण दहावा ते पाचवा हिस्सा तळातून बाहेर यायला हवा, आणि बशीत साचलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाका. रोज कपभर पाणी घालण्याची पद्धत सगळ्यात वाईट. वरचा थर सतत ओला, खालची मुळं कायम कोरडी, आणि क्षार कधीच धुऊन जात नाहीत.

## ४. मूळकूज: इथे उशीर चालत नाही

मुळांना पाण्याइतकाच प्राणवायू लागतो. मातीतल्या सगळ्या पोकळ्या पाण्यानं भरून राहिल्या की मुळं गुदमरतात, आणि पिथियम, फायटोफ्थोरासारखे मूळकुजीचे रोगकारक नेमके अशाच ओलीत वाढतात. खरी चूक दरवेळी पाण्याच्या प्रमाणातच असते असं नाही. झाड अंधाऱ्या कोपऱ्यात असेल तर ते पाणी पीतच नाही, आणि खिडकीजवळ योग्य असलेलं पाणी तिथे जास्त ठरतं. झाडापेक्षा खूप मोठी कुंडीही तेच करते: मुळं पोचलेली नाहीत तिथली माती आठवडेच्या आठवडे ओली राहते.

उपाय असा:

1. गोळा बाहेर काढा. जुनी माती जमेल तेवढी झाडा आणि मुळं नळाखाली हलक्या धारेत धुवा.
2. कात्री अल्कोहोलनं पुसा. लिबलिबीत मुळं टणक भाग लागेपर्यंत कापा. दर दोनचार कापांनंतर कात्री पुन्हा पुसा.
3. मुळं निम्म्याहून जास्त गेली असतील तर काही पानंही कमी करा. उरलेली मुळं तेवढ्या पानांना पाणी पुरवू शकत नाहीत. आधी खराब पानं काढा.
4. उरलेल्या मुळांना जेमतेम पुरेल एवढीच कुंडी घ्या. बहुतेक वेळा ती आधीच्यापेक्षा लहान निघते. जुनीच वापरायची असेल तर साबणानं घासून घ्या.
5. नवं मिश्रण: २ भाग धुतलेलं कोकोपीट, १ भाग परलाइट किंवा जाड रेती, १ भाग गांडूळखत. जेड किंवा स्नेक प्लांट असेल तर निम्मं मिश्रण परलाइट किंवा रेतीचं ठेवा आणि कापलेली मुळं एकदोन दिवस सावलीत वाळू द्या, मगच लावा.
6. एकदा पाणी देऊन निथळू द्या. उजेड भरपूर, पण थेट ऊन नको. ४ ते ६ आठवडे खत बंद.

कोकोपीट धुतलेलं हवं, हे सोडू नका. कच्च्या कोकोपीटमध्ये सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार बरेच असतात. बादलीत भिजवून, पिळून, पाणी स्वच्छ येईपर्यंत दोनतीनदा धुवा; नाहीतर मूळकुजीतून वाचलेलं झाड पायरी ५ मध्ये अडकेल.

हायड्रोजन पेरॉक्साइड ओतण्याचा सल्ला बराच फिरतो. त्याचा परिणाम तात्पुरता असतो आणि मातीतले उपयोगी जीवही मरतात. काम करतात ती कात्री आणि नवी माती.

निचऱ्यासाठी तळाला दगड घालू नका. ऐकायला पटतं, पण बारीक मातीतलं पाणी जाड दगडांच्या थरात सहज उतरत नाही. ते मातीच्या तळाशी अडून राहतं. दगडांमुळे ओली माती उलट मुळांच्या आणखी जवळ येते. भोक बुजू नये म्हणून जाळीचा तुकडा पुरतो. आणि शोभेच्या बाहेरच्या कुंडीत डोकावून बघत चला. बिनभोकाच्या त्या कुंडीत तळाशी पाणी साचून आतली कुंडी त्यात बुडलेली असते, आणि बाहेरून काही दिसत नाही.

## ५. फक्त शेंडे जळतायत: क्षार आणि फ्लोराइड

झाड चांगलं वाढतंय, नवी पानं येतायत, पण प्रत्येक पानाचं टोक तपकिरी. ही सगळ्यात जास्त विचारली जाणारी तक्रार, आणि इथेच सगळ्यात जास्त चुकीचे उपाय होतात.

पाणी पानातून वाफ होऊन जातं, पण त्यात विरघळलेले क्षार मागे राहतात आणि प्रवाहाच्या शेवटी, म्हणजे शेंड्यात, साठतात. प्रमाण वाढलं की तिथल्या पेशी मरतात. मातीतही तेच होतं: पाणी उडतं, क्षार उरतात. मातीच्या वर किंवा मातीच्या कुंडीच्या बाहेरून पांढरी-पिवळट पूड दिसली तर ते हेच. क्षार जास्त झालेली माती पाणी स्वतःकडे धरून ठेवते, त्यामुळे ओल्या मातीतही झाड तहानलेलं राहतं.

माती धुण्याची पद्धत. वरची पूड आणि तिच्याखालची अर्धा सेंटिमीटर माती खरवडून काढा. मग कुंडीच्या आकारमानाच्या किमान दुप्पट पाणी हळूहळू घाला. १५ सेंटिमीटर व्यासाच्या नेहमीच्या कुंडीत साधारण २ लिटर माती मावते, म्हणजे किमान ४ लिटर पाणी. एकदम ओतू नका. दोनतीन हप्त्यांत, मध्ये पाचदहा मिनिटं थांबून घाला, म्हणजे क्षार विरघळायला वेळ मिळेल. निघालेलं पाणी बशीत राहू देऊ नका, नाहीतर माती तेच परत शोषून घेईल. दर ३ ते ४ महिन्यांनी हे करा. निचरा वाईट असेल तर आधी माती बदला; चिकट मातीत एवढं पाणी घालणं म्हणजे मूळकुजीला बोलावणं.

फ्लोराइड हा वेगळा विषय. ड्रासिना, स्पायडर प्लांट, कॉर्डिलाइन, कॅलेथिया आणि मरांटा ही झाडं फ्लोराइडला फार नाजूक आहेत. पाण्यातलं अगदी थोडं फ्लोराइडही पानाच्या टोकाशी साठत जातं. पाणी रात्रभर उघडं ठेवायचा सल्ला इथे कामाचा नाही. त्यानं क्लोरीन उडतो. क्लोरामाइन (काही ठिकाणी क्लोरीनऐवजी पाण्यात घालतात ते) उडत नाही आणि फ्लोराइड तर अजिबात नाही. पाणी उकळल्यानं उलट ते दाट होतं. सिंगल सुपर फॉस्फेटमध्येही फ्लोराइड असतं, म्हणून या झाडांना ते खत घालू नका. मातीचा सामू (पीएच) खाली घसरला की झाड फ्लोराइड जास्त शोषतं. तो ६ ते ६.५ च्या आसपास असलेला बरा.

पाण्याचे पर्याय:

- पावसाचं पाणी सगळ्यात उत्तम.
- आरओचं शुद्ध पाणी चालतं. फक्त त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम जवळपास नसतं, म्हणून अधूनमधून खतातून द्यावं लागतं किंवा नळाचं पाणी निम्मं मिसळावं.
- आरओ यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणी कुंड्यांना घालू नका. पाणी वाया जाऊ नये ही भावना चांगली आहे, पण गाळलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात. ते फरशी पुसायला वापरा.
- सॉफ्टनरमधून (जड पाणी मऊ करणाऱ्या यंत्रातून) आलेलं पाणीही नको. त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेलं असतं.

टीडीएस पेन असेल तर २०० पीपीएमच्या आतलं पाणी बहुतेक झाडांना निर्धास्त द्या. ५०० च्या वर असेल तर माती धुण्याचं काम जास्त वेळा करावं लागेल.

खत हेही क्षारच आहे. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) सारखं विद्राव्य खत कुंडीतल्या झाडांना लिटरला १ ग्रॅम, दर ३ ते ४ आठवड्यांनी, आणि तेही नवी पानं येत असतानाच. कोरड्या मातीत खताचं पाणी कधीच देऊ नका; आधी साधं पाणी, मग खत. पानं तपकिरी झाली म्हणून खत वाढवणं हा नेमका उलटा उपाय आहे. याला एक अपवाद: जुन्या पानांचीच कड पिवळी पडून मग तपकिरी होत असेल, पाणी आणि क्षार दोन्ही तपासून झाले असतील आणि वर्षभर खत दिलेलंच नसेल, तर पालाशची (पोटॅशियमची) कमतरता असू शकते.

## ६. ऊन, कोरडी हवा, थंडी

आतमध्ये वाढलेलं पान कडक उन्हासाठी तयार नसतं. झाड एकदम बाल्कनीत किंवा पश्चिमेच्या खिडकीत ठेवलं की एका दुपारीत डाग पडतात. ऊन द्यायचंच असेल तर सकाळच्या एका तासापासून सुरू करा आणि १० ते १४ दिवसांत वाढवा. कॅलेथिया, पीस लिली, फर्न यांना थेट ऊन देऊच नका. गुळगुळीत पानावर पाण्याचे थेंब राहिले म्हणून ऊन एकवटून पान जळतं, हा समज मात्र सोडून द्या.

कोरड्या हवेत कॅलेथिया, मरांटा आणि फर्नच्या कडा आधी वाळतात. त्यांना ५० ते ६० टक्के आर्द्रता हवी. पानांवर पाणी फवारल्यानं आर्द्रता काही मिनिटंच वाढते, आणि पानं रात्रभर ओली राहिली तर ठिपक्यांचा रोग वाढतो. खडे आणि पाणी भरलेल्या ताटलीचाही फायदा नाममात्र. झाडं एकमेकांजवळ ठेवा, ह्युमिडिफायर असेल तर तो लावा, आणि एसी, हीटर किंवा पंख्याचा झोत थेट पानांवर येत असेल तर जागा बदला. पुष्कळदा तेवढंच पुरतं.

१० ते १२ अंश सेल्सियसच्या खाली बहुतेक उष्ण प्रदेशातल्या झाडांची पानं काळपट, पाणचट होतात. हिवाळ्याच्या रात्री काचेला टेकलेली पानं आधी जातात. कुंडी हातभर आत घ्या.

## ७. कीड

पान उलटं करून बघा. कीड पानाच्या वर क्वचितच बसते.

लाल कोळी उघड्या डोळ्यांना जेमतेम दिसतात. पानाखाली पांढरा कागद धरून पान झटका. कागदावरचे कण चालायला लागले तर कोळी आहेत. देठाच्या बेचक्यात बारीक जाळीही दिसते. कोरड्या, गरम हवेत ते झपाट्यानं वाढतात. फुलकिडे पान खरवडतात, त्यामुळे चंदेरी ओरखडे आणि त्यावर काळे बारीक ठिपके दिसतात; तो भाग पुढे तपकिरी होतो. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड शिरांना, देठांना चिकटून बसतात आणि पान चिकट करतात.

आधी झाड इतरांपासून वेगळं करा. मग पानांच्या दोन्ही बाजू पाण्याच्या धारेनं धुवा. निम्मी कीड इथेच जाते. त्यानंतर १ लिटर कोमट पाण्यात १ ते २ मिली साबण आणि ५ मिली निंबोळी तेल, याच क्रमानं, चांगलं हलवून घ्या आणि संध्याकाळी फवारा. साबण आधी घातला नाही तर तेल पाण्यावर तरंगत राहतं आणि जिथे पडेल तिथे पान जाळतं. एका पानावर मारून दोन दिवस थांबा, मग पूर्ण झाडावर. दर ५ ते ७ दिवसांनी किमान तीन वेळा फवारा. अंड्यांवर या फवाऱ्याचा फारसा परिणाम होत नाही, म्हणून एकदाच मारून सोडलं की पुढची पिढी तयार. पिठ्या ढेकूण थोडेच असतील तर अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीनं टिपून काढा.

## ८. ठिपके पसरत असतील तर

बुरशीचे ठिपके साधारण गोल, कधी एकात एक वर्तुळं असलेले, कोरडे. जिवाणूंचे डाग पाणचट, तेलकट आणि शिरांच्या मर्यादेत अडकलेले, म्हणून कोनदार. दोन्हींत पहिलं काम एकच: डाग असलेलं पान देठासकट काढून घराबाहेर टाका, कुंडीतल्या मातीवर नाही. पाणी मुळाशी द्या, पानं कोरडी ठेवा, झाडांमध्ये अंतर ठेवा. बुरशी तरीही पसरली तर ताम्रयुक्त बुरशीनाशक लेबलवरच्या प्रमाणात वापरा. जिवाणूंचा रोग खोडात शिरला असेल तर झाड टाकून देणं हेच शहाणपण, बाकीची वाचतात.

फिडल लीफ फिगच्या कोवळ्या पानांवर दिसणारे लालसर-तपकिरी बारीक ठिपके रोग नसतात. मुळांनी एकदम खूप पाणी ओढलं की पेशी फुटून ते पडतात. पाणी नियमित करा, पान मोठं होईल तसे ते फिके पडतात. त्याच झाडावर देठाकडून किंवा मधोमध गडद डाग वाढत असतील तर पायरी ४ वर जा.

## ९. तपकिरी भाग कापायचा का?

दिसण्यासाठी कापा, झाडाला त्यानं फारसा फरक पडत नाही. पानाच्या मूळ आकाराप्रमाणे कापा आणि मिलिमीटरभर तपकिरी कड तशीच राहू द्या. हिरव्या भागात कात्री गेली की तिथे नवी जखम होते आणि नवी तपकिरी कड तयार होते. मग लोक पुन्हा कापतात आणि पान आखूड होत जातं. अर्ध्याहून जास्त पान गेलं असेल तर पूर्ण काढा. एका वेळी एकतृतीयांशपेक्षा जास्त पानं काढू नका. मूळकुजीत मुळंच उरली नसतील तर ही मर्यादा ओलांडावी लागते.

## १०. एका वेळी एकच बदल

घाबरून एकाच दिवशी कुंडी बदलली, जागा बदलली, खत घातलं आणि फवारलं, तर झाड बरं झालं तरी कशानं झालं ते कळणार नाही, आणि बिघडलं तरी नाही. मूळकूज आणि कीड यांवर लगेच उपाय करा. बाकी सगळ्यांत एक बदल करून २ ते ३ आठवडे थांबा. आजचा फोटो काढून ठेवा आणि तपकिरी भागाच्या सीमेवर मार्करनं बारीक खूण करा. खूण ओलांडून तपकिरी रंग पुढे गेला नाही तर तुमचं निदान बरोबर होतं.

नवं आणलेलं किंवा नुकतंच कुंडी बदललेलं झाड पहिल्या काही आठवड्यांत दोनचार पानं टाकतंच. त्याला उजेड द्या आणि सोडून द्या.

नवं पान स्वच्छ उमललं की काम झालं. नवी पानंही तपकिरीच येत असतील तर पायरी २ पासून पुन्हा सुरू करा, यावेळी मुळं बाहेर काढून. खोड जमिनीलगत दाबल्यावर मऊ लागलं तर मुळांचा नाद सोडा. वरचा टणक भाग पेरांसकट (पान फुटतं त्या गाठींसकट) कापून घ्या. मनी प्लांट, फिलोडेंड्रॉनचं निदान एक पेर पाण्यात बुडेल असं ठेवलं तर दोनतीन आठवड्यांत मुळं फुटतात. पाणी दर तीनचार दिवसांनी बदला. मुळं ३ ते ५ सेंटिमीटर झाली की लहान कुंडीत लावा.